काळ्या गाडीची चमक का झाकावी?

काळी गाडी ताब्यात मिळते त्या दिवशी जितकी काळी दिसते, तितकी ती पुढे क्वचितच दिसते. पांढरी किंवा चंदेरी गाडी तीन-चार वर्षं वापरल्यावरही धुऊन उभी केली की लांबून नवी वाटते. काळ्या गाडीचं तसं नाही. दुपारचं ऊन बॉनेटवर तिरकं पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल चऱ्यांचं कडं उमटतं, आणि एकदा ते नजरेत भरलं की मालकाला गाडीवर दुसरं काही दिसेनासं होतं. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे दुखणं आणखी वाढतं. नाक जमिनीलगत, टायर रुंद, वेग जास्त, त्यामुळे चऱ्यांच्या जोडीला खडीचा मारही बसतो. अशा गाड्यांवर गेल्या काही वर्षांत सॅटिन पीपीएफ चढवण्याची पद्धत रूढ झाली आहे. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायचा जाड पारदर्शक थर. साधी पीपीएफ चकचकीत असते. सॅटिन फिल्म चमक दाबते आणि खालचा काळा रंग मऊ, मखमली दिसू लागतो. बघणाऱ्याला हा पैसेवाल्यांचा शौक वाटतो. शौक त्यात आहेच, पण मला त्यात एक पक्का हिशेबही दिसतो. चमक ही काळ्या रंगाची शान आहे आणि तीच त्याची सर्वांत नाजूक बाजूही आहे. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या धुण्यापुसण्याच्या पद्धतीत ती टिकत नाही. म्हणून ती शाबूत असतानाच झाकून टाकणं हा ती जपण्याचा सर्वांत शहाणा मार्ग आहे, असं माझं म्हणणं आहे.

हे पटायला आधी काळा रंग काय करतो ते पाहावं लागेल. आजच्या गाड्यांवर रंगाचे अनेक थर असतात. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के भाग क्लिअर कोटच्या पृष्ठभागावरून परत येतो, बाकीचा आत शिरतो. पांढऱ्या गाडीत आत शिरलेला उजेड रंगकणांवर आपटून सगळीकडे पसरत बाहेर येतो. काळ्या गाडीत तो आतच जिरतो. म्हणजे काळ्या गाडीवर आपल्याला जे दिसतं ते जवळपास सगळं त्या चार टक्क्यांचं, वरच्या गुळगुळीत पृष्ठभागाचं काम असतं. त्या पृष्ठभागावर बारीकसा चरा पडला की उजेड तिथून भलत्याच दिशेला फेकला जातो. पांढऱ्यावर तो आधीच पसरलेल्या उजेडात हरवतो, काळ्यावर अंधाऱ्या पार्श्वभूमीवर लख्ख उठून दिसतो. चरा दोन्ही गाड्यांवर तेवढाच असतो, दिसतो मात्र एकीवरच. पृष्ठभागाची चमक मोजण्याची जी जागतिक पद्धत आहे, तिच्यात १०० अंकांचं माप म्हणून घासून गुळगुळीत केलेली काळी काचच घेतली आहे. चकाकीची कसोटी इतक्या नेमकेपणाने काळ्यावर लागते.

आता आपल्याकडची परिस्थिती. शहरातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये रोज पहाटे गाड्या पुसल्या जातात. एक बादली, एक-दोन फडकी आणि पाळीत येणाऱ्या पंधरा-वीस गाड्या. रात्रभर बसलेल्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतला क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरडं किंवा अर्धवट ओलं फडकं गोल फिरवलं की तेच कण रंगावर घासले जातात. पाचव्या गाडीची धूळ सहाव्या गाडीवर जाते. पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मिळणारे पैसे, पाणी आणि वेळ यांत याहून वेगळं करणं शक्य नसतं. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी आलं की त्यातले क्षार तापलेल्या बॉनेटवर वाळून पांढरे डाग सोडतात. काळा पत्रा उन्हात इतरांपेक्षा जास्त तापतो, त्यामुळे पाणी लवकर उडतं आणि डाग घट्ट बसतात. कबुतरांची विष्ठा तापलेल्या रंगात उतरून खड्डा पाडते. पॉलिश करून हे सगळं काढता येतं हे खरं, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोट घासून खाली आणणं. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन जातात. मूळ शिल्लकच ४०-५० ची असेल, तर दर दिवाळीला गाडी चकाचक करून घेणारा मालक दरवर्षी आपल्या भांडवलातून खातो आहे.

पीपीएफचा जन्म गाड्यांसाठी झालेला नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात वाळू आणि खडे उडून हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा झिजत होत्या. त्यांना कवच म्हणून थ्रीएम या अमेरिकी कंपनीने पॉलियुरेथेनची चिकट फिल्म तयार केली. पुढे शर्यतीच्या गाड्यांच्या नाकांवर ती आली आणि तिथून सामान्य गाड्यांवर. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातली एक्सपेल ही कंपनी १९९७ मध्ये सुरू झाली तीही फिल्म बनवायला नव्हे, तर प्रत्येक मॉडेलच्या मापाने फिल्म कापायचे नकाशे संगणकावर तयार करायला. २०११ मध्ये तिने बारीक चरे आपोआप भरून निघणारी फिल्म बाजारात आणली आणि या धंद्याची दिशा बदलली. आजची चांगली फिल्म साधारण २०० मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे खालच्या सगळ्या रंगथरांच्या एकत्रित जाडीपेक्षा जास्त. मधला मुख्य थर थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा, ज्याला सगळे टीपीयू म्हणतात. हे द्रव्य चिवट आणि लवचिक असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रकच्या टायरखालून उडालेला खडा उघड्या रंगावर बसला तर टवका उडतो. फिल्मवर बसला तर ती क्षणभर दबते, मार पसरवते आणि पुन्हा जागेवर येते. पोर्शे कंपनी आपल्या ९११ मॉडेलच्या मागच्या चाकांवरच्या फुगीर भागाच्या पुढच्या टोकावर कारखान्यातूनच पारदर्शक फिल्म लावून देते, कारण पुढच्या टायरने उडवलेली खडी नेमकी तिथे आदळते. ज्यांनी गाडी घडवली त्यांनाच रंगाचा भरवसा वाटत नाही अशी ही जागा आहे.

सॅटिन फिल्मचं वेगळेपण तिच्या सर्वांत वरच्या थरात असतं. त्या थराला डोळ्यांना न दिसणारा बारीक खडबडीतपणा दिलेला असतो. उजेड परत येतो तेवढाच, पण एका दिशेने न येता थोडा पसरून येतो. मॅट पृष्ठभाग उजेड पुरता विखुरतो, सॅटिन अर्धवट, म्हणून गाडी निस्तेज न दिसता तिच्या वळणांवर मऊ झळाळी राहते. यातून काळ्या रंगाची मूळ अडचणच नाहीशी होते. जिथे सगळा पृष्ठभागच उजेड पसरवतो, तिथे बारीक चऱ्याने पसरवलेला उजेड वेगळा ओळखू येत नाही. शिवाय वरचा थर थोड्या उष्णतेने पूर्वपदावर येतो, त्यामुळे फडक्याचे हलके चरे गाडी उन्हात उभी राहिल्यावर किंवा कोमट-गरम पाणी ओतल्यावर भरून निघतात. आणखी एक फायदा कमी जणांच्या लक्षात येतो. कोणत्याही पीपीएफला स्वतःचा अगदी सूक्ष्म लहरीपणा असतो, संत्र्याच्या सालीसारखा. काळ्या गाडीवर चकचकीत फिल्म लावली की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब किंचित थरथरल्यासारखं दिसतं आणि पारखी नजरेला ते खटकतं. सॅटिनमध्ये प्रतिबिंबच नसल्यामुळे ही तक्रार उरत नाही. पांढऱ्या गाडीला चकचकीत फिल्म आणि काळीला सॅटिन, हा माझा कौल आहे आणि तो आवडीनिवडीवर नव्हे, या कारणांवर उभा आहे.

याला सर्वांत वजनदार आक्षेप सौंदर्याचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काळ्या रंगाची खोली, आत कुठेतरी बुडत गेल्याचा भास, हे सगळं चमकेमुळेच असतं. सॅटिन फिल्म लावली की तो काळा थोडा करडा, कोळशाच्या अंगाने जातो. वर गाडीची रेखाटणी करणारेही चमकेवरच विसंबतात. डिझाइन स्टुडिओत मातीचं मॉडेल तयार झालं की त्यावर डाय-नॉक नावाची ताणता येणारी फिल्म चढवून, प्रकाशाच्या रेषा पृष्ठभागावरून कशा वाहतात ते पाहतात. रेषा कुठे लचकली तर माती पुन्हा तासतात. मग तीच चमक झाकणं हा त्यांच्या मेहनतीचा अपमान नाही का? माझं उत्तर असं की स्टुडिओतला उजेड आखीव असतो. रस्त्यावरच्या काळ्या गाडीत विजेच्या तारा, होर्डिंग, समोरचा टेम्पो आणि फुटपाथवरची माणसं दिसतात, आणि त्या गर्दीत गाडीचा आकारच हरवतो. सॅटिनवर तारा दिसत नाहीत, पण ९११ च्या मागच्या चाकावरचा गोलवा एका रुंद, सलग झळाळीत दिसतो, छतापासून शेपटीपर्यंतचा उतार एका दमात वाचता येतो. जे हरवतं ते धारदार घडींचं तेज. ज्या गाड्यांचं रूपच कडा आणि कोनांवर उभं आहे, त्यांना सॅटिन तेवढं शोभत नाही. ९११ सारख्या गोलाईच्या गाडीला शोभतं. खोली गेल्याचं नुकसान मात्र खरं आहे. फरक इतकाच, की फिल्मखाली ती खोली जशीच्या तशी राहते आणि उघड्यावर ती हळूहळू कायमची जाते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. नामांकित कंपनीची फिल्म आणि हात बसलेला कारागीर घेतला तर स्पोर्ट्स कारचा खर्च लाखांत जातो. एवढ्या पैशात सिरॅमिक कोटिंग अनेकदा करून होईल, असं कुणी म्हणेल. होईल, पण सिरॅमिकचा थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा असतो. पाणी घरंगळतं, धूळ कमी चिकटते, खडीपुढे मात्र त्याचा काही उपयोग नाही. सॅटिन काळं व्हिनाइल रॅप कितीतरी स्वस्त पडतं, पण त्याची जाडी पीपीएफच्या निम्मीच असते आणि त्यावर पडलेला चरा भरून येत नाही. मग कारखान्यातूनच मॅट रंगाची गाडी का घेऊ नये? बीएमडब्ल्यूच्या फ्रोझन किंवा मर्सिडीजच्या मॅग्नो छटा देखण्या आहेत, आणि चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मध्येही सॅटिन छटा मिळतात. पण मॅट रंगाची गोम अशी की त्यावर पॉलिश चालत नाही. घासलं की तेवढा भाग चमकतो. एका चऱ्यासाठी अख्खं दार किंवा बॉनेट पुन्हा रंगवावं लागतं आणि छटा जुळेलच अशी खात्री नसते. सॅटिन फिल्ममध्ये तोच चरा एका तुकड्याचा प्रश्न असतो. तो तुकडा काढायचा, नवा लावायचा. म्हणून सॅटिन रूप हवं असेल तर ते रंगात नको, फिल्ममध्ये हवं.

चढवण्याच्या कामात मात्र सॅटिन क्षमा करत नाही. चकचकीत पारदर्शक फिल्म फक्त बॉनेट, बंपर आणि आरशांवर लावून भागतं, कारण जोड लांबून दिसत नाही. सॅटिन लावायची तर पूर्ण गाडीला, नाहीतर अर्धी गाडी मखमली आणि अर्धी आरसा. रोल साधारण दीड मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब येतो, त्यातला बहुतेक सगळा एका गाडीला लागतो. आधी गाडी धुऊन, ब्रेकच्या धुळीतले लोहकण रसायनाने विरघळवून, क्ले बारने पृष्ठभाग साफ करतात. मग पत्र्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर बेबी शाम्पूचे थेंब घातलेलं पाणी फवारतात, म्हणजे फिल्म सरकवता येते. जागा बसली की मधून कडेकडे स्क्वीजी ओढत पाणी बाहेर काढतात, आणि जिथे ती धरून राहायला हवी तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी मारतात. खरी परीक्षा पुढच्या बंपरच्या हवेच्या झरोक्यांपाशी आणि आरशांच्या गोल पाठीवर असते. तिथे फिल्म ताणावी लागते, आणि सॅटिन प्रमाणाबाहेर ताणली की तिचा बारीक पोत सपाट होऊन तेवढा पट्टा चमकू लागतो. तो पट्टा नंतर दुरुस्त होत नाही. ९११ मध्ये पेट्रोलचं झाकण उजव्या बाजूच्या पुढच्या फेंडरवर आहे. त्याच्या कडा वेगळ्या गुंडाळाव्या लागतात, नाहीतर पहिल्या महिन्यातच कोपरा सुटतो. दारं उघडल्यावर आतल्या चौकटी चमकदार काळ्याच राहतात, हे आधी सांगून टाकणारा कारागीर प्रामाणिक समजावा. मालकाने काम घ्यायला जाताना दाराच्या खालच्या कडा आणि बॉनेटचं पुढचं टोक पाहावं. फिल्म कडेवरून आत वळवलेली असेल तर ती टिकेल, अगदी कडेशी कापलेली असेल तर तिथे मातीची रेघ साचेल.

फिल्मआधी पॉलिश किती करावं यावर मतभेद आहेत. अनेक स्टुडिओ पूर्ण पेंट करेक्शन करून मगच फिल्म लावतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. चकचकीत फिल्मखाली हे बरोबर आहे, कारण खालचा प्रत्येक चरा वरून दिसतो. सॅटिनखाली बारीक चरे दिसतच नाहीत. मग दिसणार नसलेल्या चऱ्यांसाठी क्लिअर कोटचे मोलाचे मायक्रॉन का घालवावेत? गाडी नवी असेल तर स्वच्छता आणि फारतर हलका हात पुरे. टवके असतील तिथे मात्र आधी रंग भरावा. नव्याने रंगवलेल्या भागाला फिल्मआधी साधारण महिनाभर सुकू द्यावं, नाहीतर आतले वायू बाहेर पडताना बुडबुडे येतात.

सॅटिनची स्वतःची दुखणीही आहेत. बोटांचा तेलकटपणा दाराच्या कडीपाशी गडद डाग सोडतो, कारण तेल त्या सूक्ष्म खळग्यांत भरतं आणि तेवढा भाग पुन्हा गुळगुळीत होतो. दुधी काचेवर पाणी पडलं की ती पारदर्शक होते, तीच ही गोष्ट. सौम्य शाम्पूने किंवा पातळ अल्कोहोलने तो डाग निघतो. क्षारांचे डाग पडण्याआधीच गाडी कोरडी करावी, पडलेच तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने विरघळवावेत. रबिंग कंपाउंड, चमक वाढवणारं मेण आणि यंत्राचे फिरते ब्रश वर्ज्य. रोजचं फडकं मात्र बंद करावंच लागेल. पुसणाऱ्याला सांगून, त्याचे महिन्याचे पैसे तेवढेच ठेवून, आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुवायला सांगावं. धुळीचा थर चार दिवस बसून राहिला तर रंगाचं काही बिघडत नाही. तो कोरडा घासला तर बिघडतं.

फिल्म म्हटलं की अनेकांना काळ्या काचांवरची बंदी आठवते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घातली ती काचेवर चिकटवलेल्या फिल्मवर. पत्र्यावरच्या पारदर्शक फिल्मचा तिच्याशी संबंध नाही, आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेला काळा रंग सॅटिनखालीही काळाच राहतो. पर्यावरणाचा आक्षेप याहून गंभीर आहे. काढलेली फिल्म चिकट द्रव्यासह कचऱ्यात जाते आणि तिचा पुनर्वापर सोपा नाही. पुन्हा रंगवण्यात लागणारी द्रावकं, घासणीची धूळ आणि भट्टीची ऊर्जा वाचते हे खरं, पण म्हणून हिशेब बरोबरीत सुटतो असा दावा मी करणार नाही. वर्षा-दोन वर्षांत कंटाळून फिल्म बदलणाऱ्याला तर यात काहीच समर्थन नाही. पूर्ण आयुष्य वापरली तरच तिचं प्लास्टिक कारणी लागतं.

ते आयुष्य नामांकित कंपन्यांच्या हमीनुसार साधारण दहा वर्षांचं. जुन्या काळच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडत. आजच्या चांगल्या फिल्ममध्ये वापरलेलं टीपीयू अतिनील किरणांना बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि उरलासुरला पिवळेपणा काळ्यावर दिसतच नाही, जो पांढऱ्यावर लपत नाही. काढताना हीट गनने किंवा वाफेने फिल्म तापवून, पत्र्याशी लहान कोन ठेवून सावकाश ओढतात. मूळ कारखान्याचा रंग असेल तर तो जागचा हलत नाही. गॅरेजमध्ये कच्चा मारलेला रंग मात्र फिल्मबरोबर उचलून येऊ शकतो, म्हणून जुनी गाडी घेताना रंगाची जाडी मापकाने मोजून मगच फिल्मचा विचार करावा. एखाद्या दाराला मधेच धक्का लागला तर तेवढीच फिल्म नवी लावता येते. कापणीचा नकाशा संगणकात असतोच, आणि काळ्यावर जुन्या आणि नव्या तुकड्यातला फरक सहसा पकडता येत नाही. हमीपत्रावर फिल्मचं नाव आणि रोलचा क्रमांक लिहून घेतला असेल तर पाच वर्षांनीही तोच पोत मागता येतो.